विमानावरचे डाग पुसू नका

वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयाकडे ‘फ्लॅक-बेट’ नावाचं एक बॉम्बफेकी विमान आहे. मार्टिन कंपनीनं बांधलेलं बी-२६ मरॉडर. दुसऱ्या महायुद्धात त्यानं युरोपवर दोनशेहून जास्त मोहिमा केल्या आणि प्रत्येक वेळी ते परतलं. विमानवेधी तोफांच्या गोळ्यांच्या कपच्यांनी त्याच्या पत्र्याला हजाराहून जास्त भोकं पाडली. भोक पडलं की मेकॅनिक त्यावर ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवून रिव्हेट मारायचे आणि विमान पुन्हा निघायचं. त्याच्या नाकाजवळ उभं राहिलं की नजर आधी या ठिगळांवर जाते, मग मोहिमेगणिक रंगवलेल्या छोट्या बॉम्बांच्या ओळींवर. रंग फिकट झालाय, कुठं कुठं उडालाय. संग्रहालयाचे तंत्रज्ञ या विमानावर बरीच वर्षं काम करत आले आहेत आणि त्यांनी एक गोष्ट ठरवून टाळली आहे: त्याला नवा रंग फासलेला नाही. युद्ध संपलं तेव्हा जो रंग होता, तोच वाचवायचा.

हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण अजूनही अनेक ठिकाणी उलटं घडतं. जुनं विमान हाती आलं की पत्रा उघडा पडेपर्यंत रंग खरवडायचा, पोचे काढायचे, झिजलेली आसनं नव्या कातड्यानं मढवायची आणि एखाद्या नामवंत वैमानिकाच्या विमानाचे क्रमांक व चिन्हं त्यावर रंगवून ते दालनात मांडायचं. विमान दिसतं देखणं. पण त्याचं स्वतःचं आयुष्य तिथं संपतं आणि ते दुसऱ्याच विमानाचं सोंग घेऊन उभं राहतं. संग्रहालयांनी हे थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. विमानाच्या अंगावरची काजळी, ठिगळं, ओरखडे, तेलाचे ओघळ हा त्याचा पुरावा आहे. तो जपणं हे संग्रहालयाचं पहिलं काम, आणि देखणेपणाचा क्रम त्यानंतरचा.

हा वाद फक्त आमच्यासारख्या विमानवेड्यांचा नाही. यांतली बरीच विमानं आणि यानं लोकांच्या करातून बांधली गेली, लोकांच्या नावानं लढली किंवा अवकाशात गेली, आणि आज पुष्कळ ठिकाणी लोकांच्याच पैशातून सांभाळली जातात. त्यांच्यावरचं काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे जो ठरवतो, तो पुढच्या पिढ्यांनी काय बघायचं हेही ठरवत असतो. असा निर्णय चार भिंतींआड, ‘लोकांना चकचकीत आवडतं’ एवढ्या एका कारणावर होता कामा नये.

चकाकीची ओढ मला समजते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे लंबवर्तुळाकार पंख नव्या रंगात बघणं हा आनंदच आहे. आपल्या आवडत्या विमानाचं जे चित्र लहानपणापासून मनात आहे, ते समोर अवतरावं असं कुणाला वाटणार नाही? पण खरं स्पिटफायर त्या चित्रातल्यासारखं कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवसापुरतंच असायचं. महिनाभर लढल्यावर एक्झॉस्टच्या नळ्यांमागं काजळीचे पट्टे उमटायचे. वैमानिक जिथं पाय देऊन कॉकपिटमध्ये चढायचा, तिथला पंखाच्या मुळाजवळचा रंग घासून जायचा. बंदुकांच्या तोंडांवर धूळ आणि ओल जाऊ नये म्हणून कापडाच्या चकत्या चिकटवलेल्या असायच्या. गोळीबार झाला की त्या फाटायच्या. विमान लढून आलं की नाही, हे जमिनीवरच्या लोकांना त्या फाटक्या चकत्यांवरूनच कळायचं. नवा रंग दिलेल्या विमानात यातलं काय उरतं? जुनं पत्र सुवाच्य अक्षरात उतरवून घेऊन मूळ कागद फाडून टाकावा, तसं हे आहे. मजकूर राहतो, लिहिणारा हात मात्र जातो.

आणि पुसलेल्या गोष्टीत काय होतं हे बहुतेक वेळा पुसणाऱ्यालाही माहीत नसतं. माझ्या लेखी हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि त्याचा पुरावा अपोलो ११ च्या ‘कोलंबिया’ यानात सापडतो. १९६९ साली चंद्राभोवती फेऱ्या मारून परतलेलं हे यान कित्येक दशकं लाखो लोकांनी काचेबाहेरून पाहिलं. आतलं सगळं बघून झालंय, असंच कुणालाही वाटलं असतं. पुढं २०१६ च्या सुमारास त्याचं त्रिमितीय स्कॅनिंग करायला तंत्रज्ञ आत पोचले तेव्हा, आजवर ज्यांची कुणी नीट नोंद घेतली नव्हती अशी हातानं लिहिलेली टिपणं भिंतींवर दिसली. पृथ्वीवरून सांगितलेले आकडे घाईघाईत टिपलेले. प्रवासातले दिवस खोडत नेलेलं एक छोटं कॅलेंडर. एका कप्प्यावर, आत दुर्गंधीचा कचरा आहे, असा इशारा. मायकेल कॉलिन्स यांनी परतल्यावर यानाच्या कौतुकाचा जो मजकूर आत लिहून ठेवला होता तो आधीपासून माहीत होता. ही बारीकसारीक अक्षरं मात्र तोवर नजरेआड राहिली होती. आता कल्पना करा की १९७० च्या दशकात कुणा उत्साही अधिकाऱ्यानं ‘प्रदर्शनाआधी आतून स्वच्छ पुसून घ्या’ असा हुकूम दिला असता. एका दुपारच्या साफसफाईत चंद्राच्या वाटेवरच्या तीन माणसांचा दिनक्रम गेला असता, आणि काय गेलं हे कळायलाही मार्ग नसता.

‘फ्लॅक-बेट’ जपणाऱ्या त्याच संग्रहालयाच्या, वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाजवळच्या उद्वार-हेझी केंद्रात ‘डिस्कव्हरी’ हे शटल आहे. ३९ मोहिमा, अवकाशात एकूण ३६५ दिवस. एप्रिल २०१२ मध्ये ते तिथं आलं ते शेवटच्या उड्डाणानंतरच्या अंगानंच. उष्णतारोधक टाइल्सवर वातावरणात शिरतानाच्या होरपळीचे करडे पट्टे आहेत. काही टाइल्स जुन्या आणि मळकट, काही शेजारीच जास्त काळ्या, म्हणजे नंतर बदललेल्या. प्रत्येक टाइलवर तिचा क्रमांक. त्या पोटाखाली उभं राहिलं की शटल म्हणजे काय प्रकार होता हे दहा व्याख्यानांपेक्षा जास्त कळतं: पुन्हा पुन्हा उडणारं, पण दर वेळी हातानं टाइल-टाइल तपासून, बदलून, चिकटवून उडवावं लागणारं यान. स्वस्त आणि वारंवार उड्डाणाचं जे स्वप्न शटलनं दाखवलं होतं ते का पुरं झालं नाही, याचं अर्धं उत्तर त्या टाइल्सच्या रंगभेदात आहे. त्यांना एकसारखा काळा मुलामा दिला असता तर फोटो छान आले असते आणि हे उत्तर झाकलं गेलं असतं.

मात्र मागच्या बाजूला जी तीन मोठी इंजिनांची तोंडं दिसतात, ती उडालेल्या इंजिनांची नाहीत. खरी इंजिनं नासानं पुढच्या अग्निबाणासाठी काढून ठेवली, त्यांच्या जागी प्रदर्शनापुरती तोंडं बसवली. यात गैर काहीच नाही. फक्त ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि ठळकपणे कळलं पाहिजे.

इथं कुणी म्हणेल, मग ‘मूळ’ म्हणायचं तरी कशाला? प्रश्न योग्य आहे आणि त्याला सर्वांत अवघड उदाहरण राइट बंधूंच्या विमानाचंच आहे. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकजवळ ते चार वेळा उडालं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं, चौथं ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं. त्यानंतर वाऱ्याच्या झोतानं ते उलटून मोडलं आणि पुन्हा कधीच उडालं नाही. १९१३ च्या डेटनच्या पुरात त्याच्या पेट्या चिखलपाण्यात बुडून राहिल्या. पुढं ते पुन्हा जोडलं गेलं. १९२७ साली ऑर्व्हिल राइट यांनी त्याचं कापड बदललं. १९८५ साली संग्रहालयानं ते पुन्हा बदललं. मूळ कापडाचे आणि पंख्याच्या लाकडाचे तुकडे तर नील आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर चंद्रावर जाऊन आले. म्हणजे आज आपण ज्या पंखांकडे डोळे भरून बघतो, त्यांच्या सांगाड्याला १९०३ चा वारा लागला होता, कापडाला नाही.

म्हणून मी ‘काहीही बदलू नका’ असं म्हणत नाही. कापड कुजतं, रबर चिरतं, लाकडाचे थर सुटतात. हात लावावाच लागतो. माझी अट वेगळी आहे. जो बदल केला तो लपवू नये, जे काढलं ते फेकू नये, आणि जे टिकवता येतं ते केवळ दिसायला वाईट म्हणून काढू नये. राइट विमानाचं कापड कधी, कुणी, का बदललं याची नोंद असल्यामुळं ते विमान मला जास्तच खरं वाटतं. ज्याच्या दुरुस्तीचा मागमूस ठेवलेला नाही, अशा निष्कलंक विमानासमोर मात्र मन शंकेनं भरतं.

याच विमानाची आणखी एक कहाणी इथं सांगायला हवी, कारण संग्रहालयातला माहितीफलक किती जड असू शकतो ते तिच्यातून दिसतं. स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँग्ली यांचं ‘एअरोड्रोम’ हे यंत्र १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा ८ डिसेंबरला पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. १९१४ साली विमानं बांधणारे ग्लेन कर्टिस यांनी त्यात बरेच फेरबदल करून त्याला पाण्यावरून थोड्या उड्या मारायला लावल्या. कर्टिस तेव्हा राइट बंधूंशी पेटंटच्या खटल्यात गुंतले होते, हे लक्षात घ्यावं. मग संस्थेनं ते यंत्र फेरबदल काढून १९०३ च्या रूपात परत आणलं आणि माणसाला घेऊन उडू शकणारं ते जगातलं पहिलं विमान, अशा अर्थाचा फलक लावून मांडलं. फेरबदलांचा उल्लेख गाळला. ऑर्व्हिल राइट यांनी चिडून आपलं विमान १९२८ साली लंडनच्या सायन्स म्युझियमला दिलं. अमेरिकेतलं पहिलं विमान वीस वर्षं परदेशात राहिलं. १९४२ साली संस्थेनं चूक जाहीरपणे मान्य केली, तरी विमान परतून दालनात लागलं ते १९४८ च्या डिसेंबरात. तोवर ऑर्व्हिल हयात नव्हते. दुरुस्तीच्या खुणा पुसून टाकलेलं एक यंत्र आणि शेजारी एक खोटा फलक, यांतून हे सगळं घडलं. खुणा पुसणं आणि गप्प राहणं या दोन गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून येतात, असं मला वाटतं ते यामुळंच.

लष्करी विमानांच्या बाबतीत तर हे फार बोचतं. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ हे बी-२९ बॉम्बफेकी विमान युद्धानंतर काही वर्षं उघड्यावर पडून होतं. पक्षी, पाऊस आणि स्मरणवस्तू पळवणारे लोक यांनी त्याची दैना केली. १९८४ पासून त्याच्या दुरुस्तीवर लक्षावधी तास खर्च झाले आणि आज ते आरशासारखं चमकतं. कारागिरी म्हणून ते काम असामान्य आहे, त्यातल्या प्रत्येक हाताबद्दल मला आदर आहे. पण १९९५ साली या विमानाबरोबर हिरोशिमातल्या जळक्या वस्तू आणि बॉम्बच्या निर्णयावरची चर्चा मांडायचं ठरलं, तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी इतका विरोध केला की मूळ प्रदर्शन रद्द झालं. संग्रहालयाचे संचालक मार्टिन हार्विट यांना त्याच वर्षी पद सोडावं लागलं. २००३ साली पूर्ण विमान उद्वार-हेझी केंद्रात लागलं तेव्हा फलकाचा भर त्याच्या तांत्रिक थोरवीवर होता. खाली किती माणसं मेली, हे त्यावर नव्हतं.

माजी सैनिकांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. जपानच्या भूमीवर चढाई करावी लागली असती तर आपण मेलो असतो, अशा भावनेनं जगलेली ती माणसं होती. आपल्याला गुन्हेगार ठरवलं जातंय असं त्यांना वाटलं. त्यांचीही साक्ष त्या दालनात असायलाच हवी होती. पण दोन साक्षींत वाद आहे म्हणून दोन्ही बाहेर ठेवायच्या आणि पंखांची लांबी तेवढी सांगायची, हा मार्ग कुणाचाच सन्मान करत नाही. चार इंजिनांचं, दाबयुक्त केबिनचं बी-२९ हे अभियांत्रिकीचं शिखर होतं हे विमानप्रेमी म्हणून मला सांगावंसं वाटतं. त्या शिखरावरून काय टाकलं गेलं हे त्याच फलकावर वाचायला मिळालं, तर माझं विमानप्रेम कमी होणार नाही.

हे जमतं, याचं उदाहरण त्याच संस्थेत आहे. तिथलं दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्र काळ्या-पांढऱ्या रंगात उभं आहे, चाचणीच्या काळातल्या रूपात. अवकाशयुगाचा पूर्वज म्हणून त्याच्याकडे कौतुकानं बघणं सोपं जातं. पण लंडन आणि अँटवर्पवर पडलेली व्ही-२ क्षेपणास्त्रं जर्मनीतल्या मिटेलवर्क कारखान्याच्या भूमिगत बोगद्यांत छळछावणीतल्या कैद्यांकडून बांधून घेतली होती. तिथल्या मिटेलबाऊ-डोरा छावणीत आणि तिच्या शाखांत आणलेल्या सुमारे ६०,००० कैद्यांपैकी सुमारे २०,००० मेले. संग्रहालयानं कालांतरानं मांडणी बदलून या कैद्यांची आणि बळींची माहिती तिथं आणली. त्यामुळं अग्निबाणाकडे बघणाऱ्यांची गर्दी काही ओसरली नाही. व्ही-२ घडवणारे वेर्नर फॉन ब्राउन यांचा पुढचा सॅटर्न ५ हा चंद्रमोहिमांचा अग्निबाण बघताना मनात जी अस्वस्थता येते, ती यायलाच हवी. इतिहास जाणून बघणाऱ्या माणसाची ती अस्वस्थता आहे.

अपघातांबद्दल तर मी आणखी आग्रही आहे. विमानप्रवास आज इतका सुरक्षित झाला तो मोडक्या पत्र्यांच्या अभ्यासातून झाला, आणि संग्रहालयांत मात्र मोडका पत्रा क्वचितच दिसतो. लंडनच्या सायन्स म्युझियमकडे कॉमेट जेटच्या छताचा एक फाटका तुकडा आहे. १० जानेवारी १९५४ ला हे विमान एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं, ३५ जण गेले. केबिनमधला हवेचा दाब प्रत्येक उड्डाणात वाढतो आणि उतरतो. त्या ताणानं छिद्रांच्या कोपऱ्यांपाशी धातू थकत गेला आणि तडा गेला. फार्नबरोमध्ये दुसरं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून तोच ताण पुन्हा पुन्हा दिला, तेव्हा ते फाटलं आणि कारण पक्कं झालं. आज आपण ज्या जेटमध्ये निर्धास्त झोपतो, त्याच्या धडाच्या रचनेत ही शिकवण आहे. त्या एका तुकड्यानं जितकं शिकवलं, तितकं चकचकीत प्रवासी विमानांची अख्खी रांग शिकवत नाही.

जपान एअरलाइन्सनं २००६ साली टोकियोच्या हानेदा विमानतळाजवळ एक केंद्र उघडलं. १२ ऑगस्ट १९८५ च्या ज्या अपघातात ५२० माणसं गेली आणि फक्त चार वाचली, त्या बोइंग ७४७ चा मागचा दाबरोधक पडदा तिथं आहे. सात वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत जिथं रिव्हेटच्या दोन ओळींनी भार पेलायचा तिथं एकाच ओळीवर तो आला होता. हे केंद्र मुख्यतः कंपनीच्या कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी आहे. स्वतःच्या सर्वांत वाईट दिवसाचा पुरावा स्वतःच्याच दारात ठेवायला जे धैर्य लागतं, त्याची बरोबरी एखाद्या विक्रमी विमानाच्या मांडणीशी होऊच शकत नाही.

नासालाही या जागी पोचायला वेळ लागला. १९८६ साली उड्डाणात फुटलेल्या ‘चॅलेंजर’ शटलचे अवशेष केप कॅनव्हरलच्या जुन्या क्षेपणास्त्र-विवरांत पुरून टाकले. २००३ साली ‘कोलंबिया’ शटल कोसळलं, कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले, तेव्हा मात्र अवशेष अभ्यासकांसाठी जपून ठेवले. आणि २०१५ साली केनेडी अवकाश केंद्रात दोन्ही शटलचा एकेक भाग लोकांसमोर आला: चॅलेंजरच्या धडाचा ध्वज रंगवलेला पत्रा आणि कोलंबियाच्या कॉकपिटच्या खिडक्यांच्या चौकटी. गेलेल्यांच्या कुटुंबीयांना विश्वासात घेऊन हे झालं. २०१७ साली अपोलो १ यानाचा दरवाजाही तिथं मांडला गेला. २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच्या चाचणीत लागलेल्या आगीत ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे अंतराळवीर आत अडकले, कारण आतला दरवाजा आतच उघडायचा आणि आगीमुळं वाढलेल्या दाबाविरुद्ध तो खेचणं शक्य नव्हतं. तो दरवाजा पन्नास वर्षं लोकांच्या नजरेआड होता. अशा वस्तू मांडताना कुटुंबीयांचा शब्द शेवटचा असावा, हे मला मान्य आहे. पण ‘लोकांना बघवणार नाही’ हे कारण पुरेसं नाही. लोकांना बघवतं. ते गप्प होतात, जवळ जाऊन वाचतात.

आमच्या विमानवेड्यांच्या जगातला एक मोठा गट याहून वेगळं म्हणतो. त्यांच्या मते न उडणारं विमान म्हणजे भुसा भरलेला पक्षी. विमान जपायचं तर ते उडवलं पाहिजे. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा आवाज प्रत्यक्ष छातीत घुमला असेल तर या म्हणण्याला नाही म्हणणं जड जातं. इंग्लंडच्या शटलवर्थ संग्रहातलं १९०९ चं ब्लेरियो अजून, वारा पडलेला असेल तेव्हा, धावपट्टीवरून छोटी झेप घेतं. ते बघायला मिळणं हे भाग्य आहे. पण उडणारं विमान म्हणजे भाग बदलत राहणारं विमान. सुरक्षिततेसाठी नवा स्पार (पंखातला मुख्य आधारदांडा), नवा पत्रा, नव्या तारा घालाव्याच लागतात, आणि काही दशकांनी जुनं असं फार थोडं उरतं. शिवाय जोखीम आहेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये कनेटिकटच्या ब्रॅडली विमानतळावर ‘नाइन-ओ-नाइन’ हे बी-१७ बॉम्बफेकी विमान कोसळलं, सात जण गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये डलासच्या हवाई प्रदर्शनात दुसरं बी-१७ आणि एक पी-६३ लढाऊ विमान एकमेकांवर आदळले, सहा जण गेले. माणसांच्या जिवापुढं विमानाचा विचार मागंच राहतो, पण गेलेली विमानंही परत येत नाहीत. ज्या जातीची अनेक विमानं शिल्लक आहेत, त्यांतली काही कडक देखरेखीखाली उडवावीत, आणि त्यासाठी प्रतिकृतीही बांधाव्यात. ज्याचं एकच उरलंय ते मात्र जमिनीवरच राहावं. यात मला तडजोड दिसत नाही.

डाग जपा म्हणजे तसंच पडू द्या, असा अर्थ कुणी काढू नये. आळस आणि जतन यांत फार अंतर आहे. ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रातला सॅटर्न ५ उड्डाणासाठी बनवलेल्या खऱ्याखुऱ्या टप्प्यांचा आहे, सुमारे १११ मीटर लांब. तो जवळपास पाव शतक उघड्यावर आडवा होता. दमट हवेनं त्याला गंज, ओल आणि बुरशी लागली. मग त्याच्यावर इमारत बांधून त्याला सावरावं लागलं. त्याहून वाईट गत सोव्हिएत ‘बुरान’ची झाली. १५ नोव्हेंबर १९८८ ला माणसाविना पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून आपोआप उतरलेलं ते यान मे २००२ मध्ये बैकोनूरच्या हँगरचं छप्पर कोसळून नष्ट झालं. आठ कामगार मेले. छप्पर ही संग्रहालयाची पहिली गरज आहे, रंग नव्हे.

खरं जतन रंगकामापेक्षा कितीतरी अवघड असतं. २०१३ साली ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमनं समुद्रतळातून एक डॉर्निअर १७ वर काढलं, त्या जातीचं उरलेलं एकमेव विमान. सत्तरेक वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेलं ॲल्युमिनियम हवेत आलं की झपाट्यानं कुजतं. म्हणून कॉसफर्डला प्लास्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्याच्यावर सिट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाचे फवारे मारत राहिले. हेतू ते नवं करण्याचा नव्हता. जसं सापडलं तसं टिकवण्याचा होता. त्याच संस्थेच्या लंडनच्या दालनात एक हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमान आहे. एप्रिल १९४२ मध्ये ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्यात ते जखमी झालं, नॉर्वेतल्या गोठलेल्या तळ्यावर उतरलं आणि बर्फ फुटून बुडालं. १९७३ साली वर काढलं तेव्हा जसं होतं तसंच ते आज आहे: चेपलेलं, फाटलेलं, पण अंगावर युद्धातल्या रंगाच्या खुणा असलेलं. उद्या त्याला नवा पत्रा आणि नवा रंग दिला तर एक देखणं हॅलिफॅक्स मिळेल आणि नॉर्वेच्या तळ्यात बुडालेलं हे हॅलिफॅक्स कायमचं जाईल.

आता आमच्यासारख्यांनी काय करावं? बऱ्याच संग्रहालयांत विमानांवर काम करणारे हात स्वयंसेवकांचे असतात: निवृत्त मेकॅनिक, जुने वैमानिक, शनिवार-रविवार देणारे शौकीन. त्यांच्या प्रेमामुळंच ही विमानं उभी आहेत. त्यांनी सँडपेपर हातात घेण्याआधी प्रत्येक पृष्ठभागाचे फोटो काढावेत, रंगाचे थर तपासून नोंदवावेत, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा, आणि निदान एक पट्टा हात न लावता सोडावा. बघायला जाणाऱ्यांनी मार्गदर्शकाला विचारावं: यातलं किती मूळ आहे, रंग कधीचा आहे, हे क्रमांक याच विमानाचे आहेत का, शेवटचं उड्डाण कधी झालं आणि कसं संपलं? चांगल्या संग्रहालयाकडे प्रत्येक वस्तूची फाइल असते. उत्तर फलकावर नसेल तर ते लेखी मागावं. विचारणारे वाढले की त्या फाइलमधल्या ओळी फलकावर येतात, आणि पुढच्या विमानाच्या कामाचा पैसा रंगावर घालायचा की जतनावर, या बैठकीत आपलं म्हणणंही धरलं जातं.